बारावी पुंगळी

विश्वनाथ बेहेऱ्यांनी माझ्या चाळीस पुंगळ्या त्यांच्या गॅरेजसमोरच्या खडीत ओतल्या, तेव्हा आमची ओळख होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते.

"अहो, हे काय केलंत?"

"रिजेक्ट," ते म्हणाले. "चाळीसच्या चाळीस. उचल, घरी जा, आणि पुढच्या रविवारी नीट करून आण."

मी गुडघे टेकून वेचत बसलो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची बायको सुनेत्रा बघत होती. तिने पडदा ओढून घेतला. मला तेव्हा वाटलं, माझी लाज राखायला. आता वाटतं, तिला ते बघून बघून कंटाळा आला असावा.

पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी कवच. गोळी सुटून जाते, पुंगळी मागे राहते. आमच्यासारखे निशाणेबाज ती फेकत नाहीत. धुऊन, आकारात आणून, नवी दारू आणि नवी गोळी भरून पुन्हा वापरतात. पण प्रत्येक वेळी पितळ ताणलं जातं आणि पुंगळीची मान थोडी लांबते. ती कापून मापात आणावी लागते, मग तोंडाची आतली-बाहेरची कड साफ करावी लागते. नाही केलं तर लांब मान रायफलीत चेमटून बसते, गोळीला वेळेवर सोडत नाही, आणि आतला दाब वाढतो. तो कुठून बाहेर पडेल ते सांगता येत नाही. नेम धरणाऱ्याचा गाल तिथून वीतभर लांब असतो.

हे मला बेहेऱ्यांनीच शिकवलं. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांच्याबद्दल चांगलं फारसं काही येणार नाही.

ते मूळचे चिंचवडचे. गेज, म्हणजे मोजमापाची साधनं, बनवणाऱ्या एका कारखान्याच्या स्टँडर्ड्स रूममध्ये सतरा वर्षं होते. बारा महिने वीस डिग्रीवर ठेवलेली खोली, आत यायच्या आधी चपला बाहेर, आणि इतरांनी केलेलं काम मोजून नापास करणं, ही त्यांची नोकरी. पामर्स्टन नॉर्थला आले ते दूध-पावडरच्या प्लांटचे भाग बनवणाऱ्या कंपनीत, तेच काम करायला. सुनेत्रा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागली. मी इथल्या एका संस्थेत मातीवर संशोधन करतो. आमच्या छोट्या मराठी मंडळात रायफल चालवणारे आम्ही दोघंच, म्हणून ओळख झाली. मी त्यांना विश्वनाथराव म्हणायचो आणि ते मला अरे शिरीष.

मोजण्याची सवय त्यांनी घरीही आणली होती. एकदा गणपतीला पंधरा-वीस माणसं जेवायला होती. सुनेत्रा पोळ्या वाढत होती. विश्वनाथरावांनी खिशातून व्हर्निअर काढला, पानातली पोळी दोन ठिकाणी मोजली आणि मोठ्यानं वाचलं, "इकडे दीड, तिकडे अडीच. बावीस वर्षं प्रॅक्टिस करून हा टॉलरन्स!"

सगळे हसले. मीही हसलो. माझी बायको सुनीता हसली नाही.

"आमच्या लॅबमध्ये मायक्रोलिटरमध्ये काम चालतं," सुनेत्रा त्या दिवशी एवढंच म्हणाली.

"ते मशीन करतं," विश्वनाथराव म्हणाले आणि तीच पोळी तुपात बुडवून खाल्ली.

त्यांची मुलगी ऋग्वेदा अठराव्या वर्षी ऑकलंडला गेली आणि पुढे लग्न करून तिथलीच झाली. तिच्या दहावीच्या वयातल्या प्रोजेक्टची पानं बापाने फुटपट्टी लावून तपासली होती आणि समास वाकडा आला म्हणून सगळं पुन्हा लिहायला लावलं होतं. हे तिने मला हसत हसत सांगितलं होतं. "ही वॉज अ नाइटमेअर, अंकल. बट ही मीन्ट वेल." मराठी तिला सगळं कळतं, बोलत मात्र नाही.

साठी ओलांडल्यावर विश्वनाथरावांचे हात कापायला लागले.

पार्किन्सन नाही, असं डॉक्टर म्हणाले. हा नुसता कंप. हात मांडीवर ठेवले की एकदम शांत, कुणाला संशय यायचा नाही. काही करायला गेले की सुरू. किल्ली लावायला, शर्टाचं बटण लावायला, चमचा तोंडाकडे न्यायला. गोळ्यांनी थोडा फरक पडला, मग तोही राहिला नाही. नोकरी त्यांनी स्वतःच सोडली. लांबची ड्रायव्हिंगही सोडली. पण दर शनिवारी रेंजवर यायचं आणि रविवारी गॅरेजमध्ये पुंगळ्या तयार करायच्या, हे सुटलं नाही.

त्यांच्याकडे हाताने फिरवायचा छोटा ट्रिमर होता. चिमुकल्या लेथसारखा. एका टोकाला पुंगळी पकडायची, दुसऱ्या टोकाची मूठ फिरवायची, पातं मान कापत जातं. मूठ त्यांना जमायची. पुंगळी पकडीच्या भोकात घालणं जमेना. पितळ लोखंडावर टिकटिक वाजत राहायचं. मी रविवारी गेलो की ते काम थांबवायचे आणि चहाचं विचारायचे.

"नवीन यंत्र बघायला पाहिजे," एकदा सुनेत्रा म्हणाली. "ऑकलंडमध्ये माउंट वेलिंग्टनला ऋग्वेदाच्या घराजवळ मोठं दुकान आहे. सगळी मॉडेल्स मांडलेली आहेत, हातात घेऊन बघता येतात. शिरीष, तुम्ही ऑकलंडला जाणारच आहात ना कॉन्फरन्सला?"

मी गाडी चालवली. सहा तासांत विश्वनाथराव ट्रिमरशिवाय दुसऱ्या कशावर बोलले नाहीत. इतके खुशीत मी त्यांना क्वचित पाहिलं होतं. कुठल्या प्रकारात पुंगळीची लांबी बुडापासून धरतात, कुठल्यात खांद्यापासून, कुठल्या पात्याने कड फाटते, सगळं त्यांनी इंटरनेटवर वाचून ठेवलं होतं. सुनेत्रा मागच्या सीटवर बसून ऐकत होती.

दुकानात ऋग्वेदाही आली होती. शनिवारची गर्दी होती. डुकरांच्या शिकारीला निघालेली पोरं, जँडल्स म्हणतात त्या रबरी चपला घातलेले बाप, माशांचे गळ बघणारी बायामाणसं. रीलोडिंगच्या, म्हणजे काडतुसं पुन्हा भरायच्या सामानाच्या, काउंटरवर ब्रेट नावाचा लाल दाढीवाला माणूस होता. फार चांगला माणूस. पुढे जे झालं त्यात त्याचा चांगुलपणाच नडला.

त्याने तीन यंत्रं पुढे मांडली.

पहिलं विश्वनाथरावांच्या जुन्या ट्रिमरचंच मोठं भावंड. दुसरं मोटरवालं. समोर एक भोक असतं, पुंगळी हातात धरून तोंडाकडून आत ढकलायची. आत पातं फिरत असतं. दोन सेकंदांत लांबी कापली जाते, आतली आणि बाहेरची कडही त्याच दमात साफ होते. जलद आणि अचूक, पण पुंगळी सरळ आणि स्थिर ढकलायला हवी. हात हलला तर काप तिरका. तिसरं जरा बोजड. टेबलाला स्क्रूने बसवायचं, पुंगळी एका खोबणीत नुसती टाकायची आणि एक मोठी लिव्हर खाली ओढायची. लिव्हर पकडते, मोटर कापते.

"ट्राय देम, मेट," ब्रेट म्हणाला. "टेक यॉर टाइम."

विश्वनाथरावांनी मोटरवालं निवडलं. त्यांना तेच हवं होतं, वाटेत चार वेळा म्हणाले होते. त्यांनी पुंगळी उचलली आणि भोकाकडे नेली. हात सुरू झाला. पितळ कडेवर आपटलं. परत. परत. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, तर दोन्ही हात कापायला लागले. शेवटी पुंगळी आत गेली आणि यंत्र किंचाळलं. बाहेर काढली तेव्हा तोंड कुरतडल्यासारखं झालं होतं.

मागे उभे असलेले दोघं दुसरीकडे बघायला लागले.

"नो वरीज," ब्रेट म्हणाला आणि काउंटरच्या पलीकडून वाकून त्याने त्यांचं मनगट आपल्या हातात घेतलं. लहान मुलाला अक्षर गिरवायला लावतात तसं. "देअर वी गो. टुगेदर."

विश्वनाथरावांनी हात झटकून काढला. पुंगळी जमिनीवर पडून गडगडत गेली. ऋग्वेदाने ती उचलून आणून दिली. "इट्स ओके, बाबा."

"लेट द मिसस हॅव अ गो?" ब्रेट गडबडून म्हणाला. त्याला फक्त ती शांतता मोडायची होती.

सुनेत्रा पुढे झाली. पर्स माझ्याकडे दिली. एकामागून एक पाच पुंगळ्या तिने त्या भोकात ढकलल्या आणि काढल्या. ब्रेटने मोजल्या. पाचही सारख्या, केसाच्या जाडीइतकाही फरक नाही.

"शी'ज अ नॅचरल," तो म्हणाला.

"मशीन करतं ते," विश्वनाथराव मराठीत म्हणाले.

मग ब्रेटने लिव्हरवाला ट्रिमर पुढे सरकवला. आवाज खाली आणून तो म्हणाला की संधिवाताचे म्हातारे शिकारी हाच नेतात, हाताला काही करावंच लागत नाही. विश्वनाथरावांनी पुंगळी खोबणीत टाकली. पडली, बसली. मूठ एवढी मोठी होती की कापणारा हातही तिला धरून खाली ओढू शकत होता. त्यांनी ओढली. मोटर फिरली. बाहेर आलेली पुंगळी त्यांनी डोळ्यांजवळ नेली. काप स्वच्छ होता. त्यांनी आणखी एक केली, मग आणखी एक.

"हां," ते म्हणाले. चेहरा उजळला होता. "हा बघ, शिरीष. हा चांगला आहे."

"मोटरवाला द्या," सुनेत्रा ब्रेटला इंग्रजीत म्हणाली आणि कार्ड पुढे केलं.

ब्रेटने तिच्याकडे बघितलं, मग विश्वनाथरावांकडे. "आर यू शुअर? फॉर हिम..."

"शुअर," ती म्हणाली.

गाडीत मागे न बघता विश्वनाथरावांनी विचारलं, "तो लिव्हरवाला का नको?"

"त्यात रिपीटेबिलिटी कमी आहे, दर वेळी काप सारखा येत नाही. तुम्हीच वाटेत म्हणालात."

ते तसं म्हणालेच होते.

तो मोटरवाला ट्रिमर गॅरेजमधल्या टेबलावर बसला आणि सुनेत्रा तो चालवायला लागली. सुरुवातीला विश्वनाथरावांच्या पुंगळ्या. ते स्टुलावर बसून बघायचे आणि चुका काढायचे. पण चुका निघेनात. मग तिने रायफलीचं लायसन्स काढलं. इथे लायसन्स देण्याआधी घरच्या माणसाची मुलाखत घेतात. आलेल्या बाईंनी विश्वनाथरावांना विचारलं, काही काळजी वाटते का? ते म्हणाले, "निष्काळजी आहे. मोजमापाची शिस्त नाही." बाईंनी लिहून घेतलं, हसल्या आणि लायसन्स दिलं.

आमची रेंज शहराबाहेर, डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसतात अशा ठिकाणी. तिथे वारा हाच खरा वैरी. पालथं पडून, रायफल टेकूवर ठेवून, झेंड्यांकडे बघत वाऱ्याचा अंदाज घ्यायचा. सुनेत्राला तो अंदाज यायचा. कसा यायचा ते तिलाही सांगता आलं नाही. दुसऱ्या वर्षी तिने क्लबात बी ग्रेडचं बक्षीस मिळवलं, विश्वनाथरावांच्याच रायफलीवर.

बक्षिसाच्या दिवशी क्लबहाउसमध्ये चहा होता. कुणीतरी बिस्किटं, कुणी स्कोन्स आणले होते. विश्वनाथराव कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते, हात मांडीवर, अगदी शांत. सुनेत्राने मोठ्या किटलीतून चहा ओतला. मगही होते तिथे, मी स्वतः मगातून पीत होतो. तिने कपबशी घेतली. कप काठोकाठ भरला, सगळ्या खोलीतून चालत गेली आणि त्यांच्यापुढे धरला.

"घ्या."

"ठेव तिथे."

"गरम आहे तोवर घ्या. सगळे थांबलेत फोटोसाठी."

खरंच सगळे बघत होते. त्यांनी हात पुढे केला. बशीत कप खडखडायला लागला. चहा बशीत, बशीतून पँटवर, मग बुटांवर. सुनेत्रा तशीच उभी होती, त्यांच्या हातांकडे बघत. माझ्यापासून चार पावलांवर. मी जाऊन तो कप घेऊ शकलो असतो. मला खडीत वेचलेल्या पुंगळ्या आठवल्या आणि मी जागचा हललो नाही. शेवटी एका म्हाताऱ्या सभासदाने उठून कप घेतला आणि पाण्याचा नळ सोडल्यासारखा हवामानावर बोलायला लागला.

मी हे कुणालाही सांगितलं नाही. सुनीतालाही नाही.

जानेवारीत वेलिंग्टनजवळ राष्ट्रीय स्पर्धा असतात. सुनेत्राने त्या वर्षी पहिल्यांदा नाव दिलं. त्यासाठी शंभर पुंगळ्या बाजूला काढल्या. त्यातल्या पन्नास भरून झाल्या होत्या, पन्नास रिकाम्या होत्या. स्पर्धेला चार दिवस उरले असताना दुपारी तिचा फोन आला.

"शिरीष, तुमचा पुलर घेऊन या. आत्ता."

पुलर म्हणजे भरलेल्या काडतुसातून गोळी परत उपसायची हातोडी.

मी पोचलो तेव्हा गॅरेजचं दार उघडं होतं. सुनेत्रा टेबलाशी उभी होती. विश्वनाथराव स्टुलावर, हात मांडीवर. टेबलावर अकरा पुंगळ्या वेगळ्या ठेवल्या होत्या.

पुंगळी दहा-बारा वेळा उडवली की बुडाजवळ आतून झिजते. बाहेरून कधी फिकट रेघ दिसते, कधी काहीच नाही. टोक वाकवलेली तार आत घालून फिरवली की झिजलेल्या जागी ती अडखळते. अशी पुंगळी बाद करायची, कारण पुढच्या वेळी ती आतच दोन तुकडे होऊ शकते आणि पेटलेला वायू उलटा येतो. सुनेत्राने अशा बाद पुंगळ्या एका बरणीत टाकून ठेवल्या होत्या, भंगारात द्यायला. बरणी आता निम्मी झाली होती.

"यांनी माझ्या चांगल्या पुंगळ्यांत मिसळल्या," ती म्हणाली. आवाज लॅबमधला रिपोर्ट वाचावा तसा. "चांगल्या काढून घेतल्या आणि त्या जागी या ठेवल्या. रिकाम्या तारेने तपासल्या म्हणून सापडल्या."

मी विश्वनाथरावांकडे बघितलं. मला वाटलं, ते नाकारतील.

"तपासतेस की नाही, ते बघत होतो," ते म्हणाले.

"तपासलं. अकरा सापडल्या."

"अकरा?" त्यांनी मान वर केली. "मी तर बारा टाकल्या होत्या."

रस्त्यावर शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र चालू होतं. सुनेत्राने टेबलावरच्या अकरा पुंगळ्या पुन्हा मोजल्या.

"कधी टाकल्या?" सुनेत्राने विचारलं. "मी पहिल्या पन्नास भरायच्या आधी की नंतर?"

"आठवत नाही."

"बारावी कुठे आहे?"

"तू शोध. तुझं मोजमाप चांगलं आहे ना."

"विश्वनाथराव," मी म्हणालो, "चेष्टा आहे का ही? तिचा डोळा जाईल. जीव जाईल."

ते उठले, आतल्या दाराच्या मुठीशी दोनदा झगडले आणि घरात गेले.

आम्ही भरलेली पन्नास काडतुसं उपसायला बसलो. एकेक हातोडीत अडकवायचं, लाकडावर चार-पाच वेळा आपटायचं, गोळी आणि दारू बाहेर काढायची, मग पुंगळीत तार घालून बघायचं. मी आपटत होतो, ती तपासत होती. तिसाव्याच्या आसपास ती म्हणाली, "त्या दुकानात तो लिव्हरवाला त्यांना जमत होता."

"हो."

"मला दिसलं होतं ते. म्हणूनच नाही घेतला."

मी हातोडी आपटत राहिलो.

"तुम्हीही बघितलंत, शिरीष. तुम्ही काय बोललात?"

मी काहीच बोललो नव्हतो.

पन्नासच्या पन्नास झाल्या. बारावी सापडली नाही. मग तिने सगळ्या रिकाम्या पुन्हा तपासल्या. मग मी तपासल्या. शेवटी शेवटी तार प्रत्येकच पुंगळीत अडखळल्यासारखी वाटायला लागली. कदाचित अकराच असतील, मी म्हणालो, नुसतं भीती घालायला बोलले असतील. "असेल," ती म्हणाली. तिने एकेक पुंगळी शिकंज्यात धरून हातोडीने चेपली. चांगल्या, वाईट, सगळ्या. दीड तास लागला. स्पर्धेला ती गेली नाही. नवीन पुंगळ्या घ्यायला वेळ होता, पण ती गेली नाही.

दुसऱ्या आठवड्यात तिने लायसन्सच्या ऑफिसला पत्र लिहिलं. जे झालं ते सगळं, तारखेसकट. माझं नाव साक्षीदार म्हणून घालू का, असं तिने विचारलं. मी हो म्हणालो. त्यात मला कसलाही संकोच वाटला नाही, उलट बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं फारसं चांगल्या जातीचं नव्हतं.

ऑफिसची माणसं आली तेव्हा मी तिथे होतो. एक बाई, एक तरुण अधिकारी. विश्वनाथराव पांढरा शर्ट घालून सोफ्यावर बसले होते. बटणं सुनेत्राने लावली असणार. हात मांडीवर. त्यांनी शांतपणे, छान इंग्रजीत उत्तरं दिली. पस्तीस वर्षं मोजमापाच्या क्षेत्रात आहे. सुरक्षेची तपासणी करत होतो. पत्नीचा गैरसमज झाला. ती बाई मान डोलावत होती. क्षणभर वाटलं, ते सुटणार.

"फॉर्मवर सही लागेल ना?" सुनेत्राने विचारलं.

"आधी नीट वाचून घेऊ द्या त्यांना," बाई म्हणाल्या.

"वाचतील ते. हे घ्या पेन." तिने स्वयंपाकघरातून पेन आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. "सावकाश करा. घाई नाही कुणाला."

पेन कागदाला लागेपर्यंत हात तीनदा हुकला. मग कागदावर जे उमटलं ती सही नव्हती. नागमोडी रेघ चौकटीच्या बाहेर गेली, खालच्या ओळीतून फिरली आणि कागद फाटला. त्या तरुण अधिकाऱ्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. बाईंनी फॉर्म हलकेच काढून घेतला. "थँक यू, मिस्टर बेहेरे. दॅट्स एनफ."

लायसन्स गेलं. दोन्ही रायफली सुनेत्राच्या नावावर झाल्या आणि त्या ठेवायच्या तिजोरीचा आकडा बदलला.

ईस्टरला ऋग्वेदा आली. तिला काय घडलं ते अर्धंच माहीत होतं, बाबांचे हात कापतात म्हणून लायसन्स गेलं, एवढंच. मी आणि सुनीता जेवायला होतो. ताटं वाढून झाल्यावर ऋग्वेदा म्हणाली की बाबांना ती माउंट वेलिंग्टनला घेऊन जाते. खाली एक खोली रिकामी आहे. डॉक्टर जवळ. आईलाही विश्रांती. "ही कॅन स्टे ॲज लाँग ॲज ही लाइक्स."

विश्वनाथरावांनी चमचा खाली ठेवला.

"मी जातो," ते म्हणाले. सुनेत्राकडे बघितलं नाही. ऋग्वेदाकडे बघत पुन्हा म्हणाले, "मला ने. आजच ने."

"नको," सुनेत्रा म्हणाली. "तुम्ही दोघं दिवसभर कामावर असता. जेवायला कोण घालणार, कपडे कोण घालणार? ते इथेच राहतील. मी आहे ना."

"आई, यू मस्ट बी एक्झॉस्टेड."

"माझा माणूस आहे. माझं मी बघेन."

"सुनेत्रा," विश्वनाथराव म्हणाले. त्या आवाजात त्यांना तिचं नाव घेताना मी कधी ऐकलं नव्हतं. "जाऊ दे मला."

तिने त्यांच्या पानात आमटी वाढली. "जेवा. गार होतंय."

ऋग्वेदा उठली आणि आईच्या गळ्यात पडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याकडे बघून म्हणाली, "शी'ज अमेझिंग, अंकल, इझन्ट शी?" सुनीताने टेबलाखाली माझा हात धरला, इतका घट्ट की अंगठी रुतली. मी हो म्हणालो.

सोमवारी ऋग्वेदा गेली, एकटी. मी त्यानंतर एकदाच त्या गॅरेजमध्ये गेलो, माझा पुलर परत आणायला. सुनेत्राने नव्या शंभर पुंगळ्या घेतल्या होत्या. ती एकेक कापून मोजत होती. समोर विश्वनाथराव स्टुलावर, मांडीवर वही. ती आकडा सांगायची आणि त्यांनी तो लिहायचा. दाराला आतून नवं कुलूप होतं, किल्ली तिच्या गळ्यात.

"पन्नास पॉइंट नऊ दोन," ती म्हणाली. मग वही ओढून घेऊन बघितली. "हा नऊ आहे का? परत लिहा."

त्यांनी लिहिलं. तिने पान फाडलं आणि वही पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवली. नव्या पानावर, पहिल्यापासून.

"चहा घेणार, शिरीष?" तिने विचारलं.

मी नको म्हणालो. पुलर कपाटात होता, तो घेतला. विश्वनाथराव मान वर न करता म्हणाले, "शिरीष, पुढच्या रविवारी ये ना." मी बघतो म्हणालो. पुढच्या रविवारी आम्ही लेव्हिनला सुनीताच्या मैत्रिणीकडे गेलो, आणि त्याच्या पुढच्या रविवारी मी घरीच होतो.